तंबूच्या दारातलं रडणं

तोराच्या चौथ्या पुस्तकात, म्हणजे मराठी बायबलातल्या ‘गणना’मध्ये, इस्राएल लोक दोनदा मोठ्याने रडतात. अकराव्या अध्यायात, आकाशातून रोज पडणाऱ्या मान्नाला कंटाळून मांस हवं म्हणून, प्रत्येक कुटुंब आपापल्या तंबूच्या दारात. चौदाव्या अध्यायात कनान देश पाहून आलेल्या हेरांची बातमी ऐकून, सबंध रात्र. पहिल्या रडण्यामागोमाग मांस येतं आणि त्याच्यासोबत मरी. दुसऱ्यानंतर वीस वर्षांवरच्या जवळजवळ सगळ्या पुरुषांनी वाळवंटातच हाडं ठेवायची, असा निकाल लागतो. रडण्याला एवढी जबर शिक्षा का, यावर रब्बी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत.

खाली भांडणारे दोघे मात्र माझ्या कल्पनेतले आहेत. मामा निवृत्त शिक्षक, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी तोरा वाचणारे. भाची कामगारांचे खटले चालवणारी वकील. दोघेही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. दाखले ते खऱ्या ग्रंथांतलेच देतात: तोरावरची रब्बींची जुनी भाष्यं म्हणजे मिद्राश; त्यांच्या नियमांचा संग्रह म्हणजे मिश्ना, त्यावरची चर्चा म्हणजे गमारा, आणि या दोन्हींचं मिळून तालमूद. कंसात अधूनमधून बोलतो तो मी.

भाची : मामा, वर्षभर रोज मान्ना. दळून मान्ना, कुटून मान्ना, उकडून मान्ना, त्याच्याच पोळ्या. माणसं कंटाळली आणि रडली. यात पाप कुठलं?

मामा : मांस नव्हतंच का त्यांच्याकडे? राशी हाच प्रश्न विचारतो. मिसरमधून निघाले तेव्हा मोठी खिल्लारं बरोबर होती. पुढे यार्देनच्या काठी पोचले तेव्हाही रऊबेनच्या वंशाकडे अफाट गुरं होती. घरात मांस असून मांसासाठी रडायचं, म्हणजे निमित्त शोधायचं.

भाची : गुरं म्हणजे त्यांची सगळी पुंजी. दूध त्यांचं, लोकर त्यांची, यज्ञाला तीच, उद्या देश मिळाला तर संसार उभा राहणार तोही त्यांच्यावर. रोज उठून कोण कापेल?

मामा : बरं, माशांचं काय? मिसरमध्ये मासे फुकट खायचो, असं ते म्हणतात. राशी म्हणतो, विटा पाडायला लागणारा पेंढासुद्धा ज्यांना फारोने फुकट दिला नाही, त्यांना तो मासे फुकट देईल? तेव्हा फुकट याचा अर्थ घ्यायचा आज्ञांच्या बंधनाशिवाय. रडणं जिभेचं दिसतं, पण दुखणं सिनायवर मिळालेल्या नियमांचं आहे.

भाची : पेंढ्याचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण त्याच वचनावर रामबान काय म्हणतो ते सांगा की. नदीवर मासेमारीला जुंपलेल्या गुलामांना मासे मिळायचे, मळ्यांत राबणाऱ्यांना काकड्या, खरबुजं, कांदे. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. राबणाऱ्याच्या पानात पडणारं ते जेवण होतं आणि त्याची त्यांना आठवण येत होती.

(राशी उत्तर फ्रान्समधल्या त्र्वाचा, १०४० ते ११०५. रामबान, म्हणजे रब्बी मोशे बेन नाखमान, कॅटलोनियातल्या जिरोनाचा, ११९४ ते १२७०. भाष्यांसहित छापलेल्या मोठ्या तोरात दोघांची भाष्यं बहुधा एकाच पानावर असतात, त्यामुळे वाचणाऱ्यासमोर दोन्ही बाजू असतात.)

मामा : मान्नाला हवी ती चव यायची, हेही लक्षात घे. तालमूद सांगतं, ज्याला जे खावंसं वाटे त्याची चव त्यात लागे. अपवाद फक्त त्या पाच भाज्यांचा.

भाची : काकडी, खरबूज, पात, कांदा आणि लसूण. नेमक्या ज्यांच्यासाठी ते रडले त्याच! कारण काय, तर अंगावर पाजणाऱ्या बायांना त्या सोसत नाहीत. आपल्याकडे बाळंतिणीला मुद्दाम लसूण खायला घालतात, ते सोडा. पण म्हणजे त्यांची तक्रार खरी होती, हे रब्बींनीच कबूल केलं ना?

मामा : केलं. आणि याहूनही मोठी कबुली आहे. अनुवाद पुस्तकात मोशे म्हणतो की देवाने तुम्हाला मान्ना खाऊ घातला तो तुमचा कस पाहायला, तुम्हाला क्लेश द्यायला. आता आयतं मिळालेलं अन्न क्लेशाचं कसं? यावर तालमूदाच्या योमा या प्रकरणात रब्बी अम्मी आणि रब्बी अस्सी यांची दोन मतं आहेत. एक म्हणतो, ज्याच्या टोपलीत उद्याची भाकर आहे आणि ज्याच्या नाही, ते दोघे सारखे नव्हेत. मान्ना रोजचा रोज पडायचा, साठवला तर किडायचा. प्रत्येक रात्री टोपली रिकामी. दुसरा म्हणतो, समोर दिसतं ते खाणारा आणि न दिसणारं खाणारा सारखे नव्हेत. माशाची चव लागायची पण ताटात मासा दिसायचा नाही. रब्बी योसेफ स्वतः आंधळा होता. तो यावरून म्हणाला, म्हणूनच आंधळा जेवतो पण त्याचं पोट भरत नाही.

भाची : वा! हे मला ठाऊक नव्हतं.

मामा : आणि त्यावर अब्बयेचा व्यवहारी सल्ला: मग जेवायचं ते दिवसाउजेडी जेवा.

भाची : रिकाम्या टोपलीचा मुद्दा मला फार पटला. रोजंदारीवरच्या माणसाला आज मजुरी मिळालेली असते, तरी रात्री झोप नसते. पण मग ज्या परंपरेला हे एवढं कळत होतं, तिने त्याच माणसांना कटकटे का ठरवलं?

मामा : सगळ्यांनी नाही ठरवलं. अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन घे. लोक कुरकुरू लागले, एवढंच आहे तिथे, कशाबद्दल ते नाही. राशी म्हणतो, हे बहाणा शोधणारे लोक, देवापासून दूर कसं व्हावं याच्या वाटा पाहत होते. रामबान त्याच जागी म्हणतो, सिनाय वस्तीच्या जवळ होता. आता ते सोडून पहिल्यांदाच त्या अक्राळविक्राळ वाळवंटात शिरले. इथे जगायचं कसं, पाणी कुठलं, बाहेर कधी पडणार, या चिंतेने जीव कडू झाला आणि दुखणाऱ्या माणसासारखे ते बोलू लागले. दोष देवाने धरला तो इतकाच, की एवढं भलं झालेलं असताना त्यांनी आनंदाने चालायला हवं होतं.

भाची : ‘इतकाच’ म्हणता, आणि त्याच वचनात छावणीच्या कडेला आग लागते. ते कोण होते हो कडेला राहणारे? त्यावर भाष्य काय आहे ते मी वाचलंय. कडेचे म्हणजे हलके, मिसरमधून सोबत आलेले मिश्र लोक. मांसाची हाव सुटली तीही त्यांनाच आधी, मग इतरांना लागण झाली. प्रत्येक संपात हेच ऐकते मी: आमचे कामगार चांगले हो, बाहेरच्यांनी चिथावलं.

मामा : ते भाष्य मिद्राशातलं आहे, आणि त्याच मिद्राशात रब्बी शिमोन बेन मेनास्याचं मत आहे. आग लागली ती पुढाऱ्यांना, छावणीतल्या मोठ्या लोकांना. आणि हाव सुटलेले ते कोण, तर वडीलधारे. दोन्ही ठिकाणी तो वरच्यांकडे बोट दाखवतो. राशीने पहिल्या जागी दोन्ही मतं दिली आहेत.

भाची : अल्पमत.

मामा : नोंदलेलं अल्पमत. वकिलाला त्याची किंमत मी सांगायची?

भाची : ती माहीत आहे. आणि ‘कुटुंबाकुटुंबाने रडले’ यावरचं?

मामा : राशीचा सरळ अर्थ असा, की घरंच्या घरं एकत्र जमून रडली, गाऱ्हाणं चारचौघांत जावं म्हणून. आणि जुन्या रब्बींचा अर्थ, कुटुंबांच्या कारणाने रडले. जवळच्या नात्यातली लग्नं तोराने बंद केली होती, त्याचं ते दुःख.

भाची : हे मात्र मला ओढूनताणून वाटतं. भुकेचं रडणं समोर असताना त्यात वासना कशाला शोधायची? भुकेल्याला चारित्र्याचा दाखला मागण्यासारखं झालं हे.

(इथे मी भाचीच्या बाजूचा. जुन्या भाष्यांतला हा अर्थ बुद्धीची करामत म्हणून वाचावा. मोडलेल्या नात्यांचं दुःखही खरंच असतं, असं त्याचं समर्थन काही जण करतात, पण ते मला पुरत नाही.)

मामा : मग तुझ्या कामाचं एक सांगतो. त्याच अध्यायात मोशे स्वतः गाऱ्हाणं मांडतो. हे लोक मी जन्माला घातले का, एवढ्यांना मांस आणू कुठून, त्यापेक्षा मला मारून टाक. लोकांच्या रडण्यापेक्षा कडक भाषा आहे ही. देव त्याला शिक्षा करत नाही, सत्तर वडीलधारे मदतीला देतो. हे सत्तर कुठले? राशी सांगतो, मिसरमध्ये विटांच्या कामावर जे इस्राएली मुकादम होते तेच. ठरलेल्या विटा भरल्या नाहीत की फारोचे अधिकारी या मुकादमांना झोडायचे, कारण ते लोकांची दया करून त्यांना पिटाळत नव्हते. लोकांसाठी ज्यांनी पाठीवर मार घेतला, त्यांना आता लोकांचा मान.

भाची : हे मी उद्याच कुणाला तरी ऐकवणार आहे. पण तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. पुढाऱ्याने तक्रार केली तर मदत, लोकांनी केली तर मरी.

मामा : नाही. लोकांच्या तक्रारीने कायदाही बदलला आहे. नवव्या अध्यायात काही माणसं मोशेपुढे येतात. प्रेताला हात लागून ती विटाळली होती, वल्हांडणाच्या यज्ञाला मुकणार होती. आम्ही का वगळलेले, असं विचारतात. उत्तर मिळतं ते दुसऱ्या वल्हांडणाचं: महिन्याने पुन्हा संधी, कायमची. सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली येतात. बाप मेला, भाऊ नाही, तर बापाचं नाव आणि जमीन का बुडावी? देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. मिद्राशात त्यांची आपापसातली सल्लामसलतही आहे: माणसाची माया मुलांवर जास्त असते, मुलींवर कमी, पण जग निर्माण करणाऱ्याची तशी नाही, चला त्याच्याकडेच जाऊ. राशी म्हणतो, मोशेच्या डोळ्याला जे दिसलं नाही ते यांच्या डोळ्याने पाहिलं.

भाची : आणि छत्तिसावा अध्याय? वंशप्रमुख आले, जमीन दुसऱ्या वंशात जाईल म्हणाले, आणि लगेच मुलींवर अट: आपल्याच वंशात लग्न करा. अपिलात अर्धा निकाल गेला.

मामा : तालमूद म्हणतं, तो त्यांना दिलेला चांगला सल्ला होता. कोणत्याही वंशात लग्न करायची त्यांना मोकळीक होती.

भाची : छान पळवाट आहे, पण मुलींच्या बाजूची आहे म्हणून चालवून घेते. तरी तुमचा रोख कळला. आम्हाला आत घ्या म्हणणारी तक्रार चालते, आम्हाला परत जाऊ द्या म्हणणारी नाही. मग पाण्याचं काय? तालमूदात वाळवंटातल्या पिढीने देवाला दहा वेळा पारखलं त्याची यादी आहे. त्यात दोन नोंदी पाण्याच्या. तहानलेला माणूस पाणी मागतो आणि त्याची नोंद आरोपपत्रात!

मामा : तोरात त्या दोन्ही वेळी पाणी मिळालं, शिक्षा झाली नाही. आणि विसाव्या अध्यायात, मरीबाला, उलटंच झालं. लोक पाण्यासाठी भांडले, मोशेने त्यांना बंडखोर म्हणून झापलं, खडकाला काठी मारली. देशात प्रवेश नाकारला गेला तो मोशेला. का? रामबाम, म्हणजे मायमोनिदीस, ‘आठ प्रकरणं’ या पुस्तकात सांगतो, राग हा त्याचा अपराध. लोकांना वाटलं, मोशे रागावला म्हणजे देवच रागावलाय. पण त्या प्रसंगात देव रागावल्याचं कुठेही नाही. त्याने फक्त पाणी द्यायला सांगितलं होतं.

भाची : तहानलेल्यांवर ओरडला म्हणून एवढ्या मोठ्या माणसाचा देश हुकला. हा अर्थ मला आवडला.

मामा : रामबानला पटला नाही. त्याने खोडून काढला आहे.

भाची : पटो न पटो, मी घेतला. आता खऱ्या प्रश्नावर या. तिशा बआव.

मामा : आपल्या जुन्या माणसांचा बिरड्याचा सण.

(आव महिन्याच्या नवमीचा हा उपास. कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्याला वालाच्या बिरड्यावरून नाव दिलं. गावात ते शनवार तेली म्हणून ओळखले जात, घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. रब्बींच्या ग्रंथांशी त्यांची ओळख फार उशिरा झाली.)

भाची : मिश्नात त्या दिवसाची पाच संकटं आहेत: वाळवंटातल्या पिढीला झालेली प्रवेशबंदी, दोन्ही मंदिरांचा नाश, बेतार शहराचा पाडाव आणि यरुशलेमवर फिरलेला नांगर. इथपर्यंत ठीक. पण तालमूद पुढे जातं. हेर सिवान महिन्याच्या २९ला निघाले, ४० दिवसांनी परतले, त्या वर्षी मधला तम्मूज महिना ३० दिवसांचा होता, म्हणजे लोक रडले ती रात्र नवमीचीच. आणि मग रब्बी योखानानच्या नावावर ते भयंकर विधान: तुम्ही विनाकारण रडलात, मी तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या रडायला कारण देईन. मामा, इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळलं. त्याचा दोष रोमवर नाही, तर शेकडो वर्षांपूर्वी घाबरून रडलेल्या, नुकत्याच सुटलेल्या गुलामांवर?

मामा : हरलेल्यांचं बोलणं आहे ते. मंदिर आमच्या चुकीने गेलं म्हणणाऱ्याला पुढे काहीतरी करता येतं. रोम बलवान होतं म्हणून गेलं, असं म्हटलं की विषय संपला.

भाची : मार खाल्लेल्या बाईने माझंच चुकलं म्हणावं, तसं आहे हे. आणि त्या गुलामांना दुसरं जमणार तरी होतं का? इब्न एझ्रा बाराव्या शतकात लिहून गेलाय. समुद्राच्या काठी सहा लाख पुरुष फारोच्या सैन्याला का भ्यायले? कारण लहानपणापासून ते जू वाहायला शिकले होते. मालकाशी लढायचा जीवच त्यांच्यात उरला नव्हता. ती पिढी जाऊन गुलामी न पाहिलेली पिढी यावी लागली. हे कारण आहे, मामा. विनाकारण नाही.

मामा : इब्न एझ्राशी मी भांडत नाही. पण योखानानला तू नीट ओळखत नाहीस. तिसऱ्या शतकात तिबिरियात शिकवणारा हा माणूस. त्याची दहा मुलं गेली. दहाव्याचं हाड तो जवळ ठेवायचा. भाष्यकार सांगतात, दुःखात असलेल्यांना धीर द्यायला ते दाखवायचा. एकदा त्याचा शिष्य एलाझार आजारी होता, अंधाऱ्या खोलीत निजलेला. योखानानने बाही सारली तर त्याच्या दंडाच्या तेजाने खोली उजळली, इतका तो देखणा. पाहतो तर एलाझार रडतोय. योखानानने विचारलं, तोरा कमी शिकलास म्हणून? गरिबी म्हणून? मुलांसाठी? प्रत्येकावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. एलाझार म्हणाला, तुझं हे रूप मातीत कुजायचं म्हणून रडतोय. योखानानकडे त्यावर उत्तर नव्हतं. यासाठी रडायलाच हवं, म्हणाला, आणि दोघेही रडले. हाच एलाझार पुढे सांगतो, मंदिर पडलं तेव्हापासून प्रार्थनेचे दरवाजे बंद झाले, अश्रूंचे मात्र झाले नाहीत.

भाची : गोष्ट सुंदर आहे. पण स्वतःच्या घरात रडणाऱ्याने वाळवंटातल्यांना विनाकारण का म्हणावं?

मामा : त्या रडणाऱ्यांचं पुढे काय झालं, तेही मिद्राशात आहे. दरवर्षी नवमीच्या रात्री सगळे आपापली कबर खणून तिच्यात निजायचे. सकाळी दवंडी व्हायची, जिवंतांनी मेलेल्यांतून वेगळं व्हावं. दरवर्षी १५,००० उठत नसत. चाळिसाव्या वर्षी सगळेच उठले. तिथी चुकली असेल म्हणून पुढच्या रात्रीही निजले, त्याच्या पुढच्याही. पौर्णिमेचा चंद्र दिसला तेव्हा कळलं, शिक्षा संपली. स्वतःच्या कबरीत जाऊन निजणाऱ्यांना कुठला रब्बी हलकट म्हणेल? अकिवाने म्हणून पाहिलं.

भाची : काय म्हणाला?

मामा : मिश्ना सान्हेद्रीनमध्ये आहे: वाळवंटातल्या पिढीला येणाऱ्या जगात वाटा नाही. तिथेच रब्बी एलिएझर विरोध करतो, देवाशी करार करणारे हेच ते भक्त. पुढे गमारात एकाने अकिवाला थेट दोष दिलाय: अकिवाने इथे आपला नेहमीचा दयाळूपणा सोडला. अकिवावर असं बोलायला हिंमत लागते. कोण बोललं असेल?

भाची : ...योखानान?

मामा : रब्बी योखानान.

भाची : म्हणजे एका प्रकरणात तो फिर्यादी आणि दुसऱ्यात त्याच आरोपींचा वकील. मामा, हे तुम्ही सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तरी फिर्याद मागे घेतलेली नाही त्याने. ‘विनाकारण’ हा शब्द अजून तिथेच आहे, आणि दरवर्षी सिनेगॉगमध्ये तोच सांगितला जातो. दुसरं विधान कितीजणांना माहीत असतं?

मामा : कमी.

भाची : मग पुढच्या वेळी दोन्ही सांगा.

माझ्या मते वादात मामांची माहिती जिंकली आणि भाचीचा आक्षेप उभाच राहिला. घाबरलेल्या माणसांचं रडणं विनाकारण नसतं, आणि रोमने जाळलेल्या मंदिराचा हिशेब रोमकडेच मागायला हवा. तो मागायला लागणारं सामान राशीच्या बाजूलाच छापलेल्या रामबानमध्ये, बेन मेनास्याच्या अल्पमतात आणि खुद्द योखानानमध्ये आहे. वाचणाऱ्यांनी मात्र बहुतेक वेळा एकच बाजू घरी नेली. गणनाचे ९, ११, १४, २० आणि २७ हे पाच अध्याय मराठी बायबलात एका बैठकीत वाचून होतात. ते सलग वाचा, आणि प्रत्येक ठिकाणी गाऱ्हाणं कुणाचं होतं आणि उत्तर कुणाला मिळालं, हे समासात लिहून ठेवा.